आधी पिशवी उलटी करा

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून चालत पाच मिनिटांवर, माझं मेडिकल होतं. 31 वर्षं चालवलं. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करायचं आणि पैसे काढता काढता म्हणायचं, "ताई, एक ताकदीची गोळी पण टाका की." ती मी किती वेळा टाकली याचा हिशेब न ठेवलेलाच बरा. उत्तरार्धात मात्र एक सवय लावून घेतली. घरातल्या असतील नसतील तेवढ्या गोळ्या पिशवीत घालून आणा म्हणायचे, आणि पिशवी काउंटरवर उलटी करायचे. एकाच माणसाच्या पिशवीतून तीन कंपन्यांचं, तीन रंगांचं, पण तेच डी आणि तेच कॅल्शियम बाहेर पडायचं.

या महिन्याची बहुतेक पत्रं जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबद्दल आहेत, म्हणून तीच घेतली. नावं गाळली आहेत, पत्रं थोडी कापली आहेत. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांकडे जायला हवं तिथे सरळ तसं लिहिलं आहे.

प्रश्न : ताईंना सादर नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय 66, राहणार जुळे सोलापूर. दीड वर्षापूर्वी गुडघे व कंबर दुखत असल्याने तपासणी केली. ड जीवनसत्त्व 11 आले. डॉक्टरांनी आठवड्याला एक याप्रमाणे 60,000 ची कॅप्सूल 8 आठवडे दिली. फारच आराम पडला म्हणून मी ती पुढेही चालू ठेवली. पुण्याहून मुलगा कॅल्शियमच्या गोळ्या पाठवतो, त्यातही डी आहे. अलीकडे बद्धकोष्ठता, तोंडाला कोरड, रात्री चार-चार वेळा लघवीला उठणे असा त्रास आहे. साखर तपासली, ठीक आहे. हे वयामुळे असावे काय? आणि सोलापूरसारख्या गावात, जिथे उन्हाला तोटा नाही, तिथे ड कमी पडतेच कसे?

गुरुजी, वयाला दोष देऊ नका. आजपासून डीची कॅप्सूल आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही थांबवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते त्यातून कळतं) आणि डी तपासायला लागेल. जाताना पिशवी न्या. ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड असलेल्या गोळ्या लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवून धरतात, म्हणजे तुमच्या त्रासात आणखी भर.

तुम्ही गणिताचे शिक्षक होता की मराठीचे, पत्रात नाही. पण हा हिशेब मांडून पाहा. प्रौढ माणसाची डीची रोजची गरज साधारण 600 युनिट. तुमची एक कॅप्सूल 60,000 ची, म्हणजे शंभर दिवसांची शिदोरी. आठवड्याला एक म्हणजे रोजचे साडेआठ हजार. देखरेखीशिवाय रोज 4,000 च्या वर जाऊ नये असं मानतात. 8 आठवड्यांचा कोर्स बरोबरच होता. 11 म्हणजे खरोखर कमी होतं, ते भरून काढायला मोठा डोस लागतो. पण खड्डा बुजल्यावरही माती टाकत राहिलात. ब गटातली जीवनसत्त्वं आणि सी पाण्यात विरघळतात, जादाचा बराचसा भाग लघवीवाटे जातो. ए, डी, ई, के ही चरबीत विरघळतात. त्यातही ए आणि डी शरीरात साठून राहतात. डी फार साठलं की रक्तात कॅल्शियम वाढतं, आणि मग तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, पुढे मुतखडा, किडनीवर ताण, डोक्यात गोंधळ. तुमच्या पत्रातली लक्षणं या यादीशी फारच जुळतात.

गुडघ्यांना आराम पडला म्हणून जास्त डोसाने जास्त आराम पडेल, असं होत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या 2,256 स्त्रियांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट देऊन पाहिलं होतं, हाडं मजबूत व्हावीत म्हणून. 2010 साली निकाल आला. ज्यांना डोस दिला त्याच बायका जास्त पडल्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली.

यात एक चूक माझीही सांगते. माझ्या दुकानामागच्या गल्लीतल्या एका आजींना हीच कॅप्सूल आठवड्यातून एक लिहिली होती. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी, मी "जेवल्यावर घ्या" एवढंच बोलले. आजींनी इतर गोळ्यांसारखी ती रोज घेतली. चारची पट्टी चार दिवसांत संपली. नातू दुसरी घेऊन गेला, मग तिसरी. माझ्या हाताखालचा पोरगा देत राहिला आणि मी पाहिलं नाही. दीड-दोन महिन्यांनी आजी अंथरुणावर. उलट्या, असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. निघालं कॅल्शियम. आठवडाभर सलाइनवर राहून बऱ्या झाल्या, मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. त्यानंतर मी प्रत्येक पट्टीवर स्केचपेनने वार लिहून द्यायचे. मोठ्या अक्षरात "फक्त रविवार".

आता उन्हाचं. ऊन आपल्या अंगावर पडतंच कुठे? यंत्रमागावरचा माणूस शेडमध्ये, विडी वळणारी बाई घरात, आणि बाकीचे आपण स्कार्फ, सनकोट, हातमोजे घालून स्कूटरवर. शिवाय आपल्याकडे डीसाठी "कोवळं ऊन" घ्यायला सांगतात, तिथेच गडबड आहे. त्वचेत डी तयार करणारे किरण सकाळच्या तिरप्या उन्हात फारच थोडे असतात. खूण सोपी आहे : आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली की ते ऊन कामाचं. वैशाखात ती सव्वानऊ-साडेनऊलाच आखूड होते, तेव्हा दुपारी भाजून घ्यायची गरज नाही. पौषात मात्र बाराच्या आगेमागेच. हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं गच्चीवर बसा. खिडकीच्या काचेआडचं ऊन यासाठी चालत नाही, काच ते किरण अडवते. आणि उन्हातून मिळालेलं डी कधी जास्त होत नाही, जादाचं त्वचाच मोडून टाकते. हे शहाणपण कॅप्सूलमध्ये नाही.

प्रश्न : बी-कॉम्प्लेक्स सुरू केल्यापासून लघवी हळदीसारखी पिवळी होते. घाबरण्यासारखं आहे का?

नाही. ते बी-2, म्हणजे रायबोफ्लेविन, जादा झालेलं बाहेर चाललंय. गोळी बंद केली की एक-दोन दिवसांत रंग जाईल. चहासारखी गडद लघवी झाली, डोळे पिवळे दिसले, तर ती गोष्ट निराळी. मग लगेच दाखवा.

प्रश्न : ताई, मी विडी घरकुलमध्ये राहते. वडील 62 वर्षांचे, चाळीस वर्षं विडी ओढतात. आई अजून विडी वळते. वडिलांना महिन्यापासून खोकला आहे. ओळखीच्या एकाने अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आणून दिल्यात, महिन्याला अठराशे रुपये. म्हणतो फुफ्फुसं आतून धुऊन निघतात. डब्यावर बीटा-कॅरोटीन आणि ई 400 असं लिहिलंय. द्याव्यात का?

देऊ नका. या एका उत्तरात मी "डॉक्टरांना विचारून बघा" वगैरे म्हणणार नाही. डबा परत करा.

कारण असं. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराला रंग देणारा पदार्थ, त्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं. फळंभाज्या जास्त खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो असं दिसत होतं, म्हणून हाच पदार्थ कॅप्सूलमधून दिला तर धूम्रपान करणारे वाचतील असं शास्त्रज्ञांना वाटलं. कल्पना वाईट नव्हती. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षं प्रयोग झाला. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तसाच दुसरा प्रयोग चालू होता, तो 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला. तिथेही तेच दिसत होतं. ई 400 ची कथाही फार वेगळी नाही. अमेरिका-कॅनडातल्या 35 हजारांहून जास्त पुरुषांच्या प्रयोगात ई घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्के जास्त झाला, हे 2011 साली छापून आलं.

म्हणजे त्या डब्यातल्या दोन मुख्य गोष्टींपैकी एक तुमच्या वडिलांसारख्या माणसाला नेमकी घातक आणि दुसरी पुरुषाला जड. गाजर, पपई, पालक खुशाल खाऊ द्या, त्यातून अपाय झाल्याचं दिसलेलं नाही. आणि फुफ्फुस आतून धुणारी कॅप्सूल आजवर कुणी बनवलेली नाही. विडी सोडली तरच ते हळूहळू सावरतं.

खरी काळजी खोकल्याची. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे थुंकीची तपासणी झालीच पाहिजे, आणि चाळीस वर्षं विडी म्हटल्यावर छातीचा एक्स-रेही. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. त्याला अठराशे रुपये लागत नाहीत.

आणखी एक. तुम्ही आईबद्दल एक ओळ लिहिलीत आणि पुढे गेलात. दिवसभर मांडीवर सूप, घरातच बसून काम, तंबाखूची धूळ नाकातोंडात, जेवण सगळ्यांच्या शेवटी. माझ्या काउंटरवर अशा बायका डोकेदुखीची गोळी मागायला यायच्या आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफट. आईचं हिमोग्लोबिन तपासा. तुमच्या घरात गोळीची खरी गरज त्यांना असण्याची शक्यता जास्त वाटते, आणि ती लोहाची गोळी आरोग्य केंद्रात मिळते.

प्रश्न : बाळीवेसहून लिहिते. वय 51, शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मधुमेहासाठी 9 वर्षांपासून मेटफॉर्मिन, ॲसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल. वर्षभरापासून तळपायाला मुंग्या, कधी चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणि आणखी दोन "नसांच्या" गोळ्या आणते. फरक नाही. भावजय म्हणते स्पिरुलिना घ्या, त्यात भरपूर बी-12 असतं.

वहिनी, बी-12 कमी पडायला जेवढी कारणं लागतात, त्यातली तीन तुमच्याकडे एकत्र आहेत. बी-12 झाडपाल्यात नसतं. दूध-दह्यात असतं, पण ताक किती पातळ आहे त्यावर पुढचं ठरतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही. आणि अन्नातून बी-12 सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, ते तुम्ही पॅन्टोप्राझोलने रोज दाबताय. मुंग्या मधुमेहानेही येतात, म्हणून अंदाजावर जाऊ नका. बी-12 ची रक्ततपासणी करा. कमी निघालं तर डॉक्टर इंजेक्शन किंवा मोठ्या डोसाची गोळी देतील. यात कंजूषी नको आणि उशीरही नको, कारण नसांची हानी फार लांबली तर पूर्ण भरून येत नाही. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. पॅन्टोप्राझोल रोज हवीच का, हे मात्र विचारा.

बी-कॉम्प्लेक्सबद्दल थोडं सावध करते. त्यातलं फोलिक ॲसिड रक्त सुधारतं, त्यामुळे रिपोर्ट बरा दिसतो आणि आत बी-12 ची उणीव नसा पोखरत राहते. त्या तिन्ही पट्ट्या मागून वाचा आणि प्रत्येकीत बी-6, म्हणजे पायरिडॉक्सिन, किती आहे त्याची बेरीज करा. बी-6 मोठ्या प्रमाणात बरेच महिने घेतलं तर त्यानेच हातापायाला मुंग्या येतात. मुंग्यांवरच्या गोळीने मुंग्या! हे मी स्वतः कित्येक वर्षं माहीत नसताना विकलं आहे.

स्पिरुलिनातलं बहुतेक बी-12 नकली असतं. दिसायला तसंच, पण आपल्या शरीराच्या उपयोगाचं नाही. भावजयीचा हेतू चांगला आहे, एवढंच.

प्रश्न : होटगी रोड, वय 27, बँकेत नोकरी. केस खूप गळतात म्हणून रोज बायोटिन 10 मिलिग्रॅम घेते. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये थायरॉइड वाढलेलं आलं, टीएसएच एकदम कमी. मला काहीच त्रास नाही. औषध सुरू करायचं का विचारत आहेत.

थांबा. बायोटिनची रोजची गरज 30 ते 40 मायक्रोग्रॅम. तुम्ही घेताय 10,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे निदान अडीचशेपट. ते अंगाला सहसा बाधत नाही, पण तपासणीला बाधतं. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, खोटं कमी आणि टी-3, टी-4, म्हणजे थायरॉइडची स्वतःची संप्रेरकं, खोटी जास्त दिसू शकतात. कागदावर हुबेहूब थायरॉइड वाढल्याचं चित्र. डॉक्टरांना बायोटिनचं सांगा, निदान तीन दिवस बंद ठेवा आणि मग पुन्हा तपासा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याचा जाहीर इशारा दिला होता, कारण हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिन चाचणीही यामुळे चुकते. लॅबवाला "उपाशी आहात का" विचारतो, बायोटिनचं सहसा विचारत नाही.

केसांसाठी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, पाहा. दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू, टायफॉइड किंवा कडक डाएट झालं होतं का तेही आठवा. केस उशिराने गळतात.

प्रश्न : आमच्या आजोबाने जन्मात गोळी खाल्ली नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी खाऊन नव्वदीपर्यंत नांगर धरला. हे सगळे कंपन्यांचे धंदे आहेत. खरं की नाही?

अर्धं खरं. धंदा आहेच. दुकानात बसून मी त्यातला माझा वाटा घेतला आहे. निरोगी, चौरस खाणाऱ्या माणसाला मल्टिव्हिटॅमिनने फार काही मिळतं असा भक्कम पुरावा नाही.

पण आजोबांच्या काळाचं उरलेलं अर्धंही ऐका. याच दख्खनच्या पठारावर, जवळपास नुसत्या ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा नावाचा रोग असायचा. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर, गळ्याभोवती तर हार घातल्यासारखे, काळे खरखरीत चट्टे, सोबत जुलाब, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर भ्रम. हा बी-3, म्हणजे नायसिनच्या उणिवेचा रोग. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या सुमारास त्याचा ज्वारीशी असलेला संबंध तपासला आणि ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे बोट दाखवलं. ल्युसिनबद्दल पुढे मतभेद झाले, पण नायसिन दिलं की रोगी सुधारतो याबद्दल झाले नाहीत. त्या माणसाला ती गोळी म्हणजे जीवदानच होतं.

मग तुमचे आजोबा कसे वाचले? मला वाटतं भाकरीच्या कडेला काय होतं ते पाहायला हवं. शेंगाची चटणी, पिठलं, दूध किंवा ताक, कधी मटणाचा रस्सा. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. उखळात लसूण-तिखट घालून कुटलेली ती चटणी तोंडी लावणं म्हणून खाल्ली, पण काम औषधाचं करून गेली. ज्याच्या ताटात भाकरी आणि मीठ-मिरचीच होती, त्याचा नातू आज पत्र लिहायला नसेलही.

प्रश्न : अक्कलकोट रोडवरून. सूनबाईने अजून दिवस राहिलेले नसताना फोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्यात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणते. पोट नाही तर गोळी कशाला? आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

सूनबाई बरोबर आहे, काकू. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचं कित्येकींना नीट कळलेलंही नसतं. त्या दिवसांत फोलिक ॲसिड कमी असेल तर नळी उघडी राहून मणक्यात व्यंग येऊ शकतं. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. आधीच्या बाळाला असं व्यंग असेल किंवा तिला फिटसची औषधं चालू असतील तर डोस मोठा लागतो, तो डॉक्टरीणबाई ठरवतील. इतक्या स्वस्तात इतकं मोठं काम करणारी दुसरी गोळी मी तरी विकलेली नाही.

मात्र "बाळ गुटगुटीत व्हावं" म्हणून ए जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल किंवा माशाच्या यकृताच्या तेलाच्या बाटल्या कुणी आणून दिल्या तर बाजूला ठेवा. गरोदरपणात रेटिनॉलच्या स्वरूपातलं ए रोज 10,000 युनिटच्या वर गेलं तर बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. ती मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असेल तर डॉक्टरीणबाईंना आजच सांगायला लावा. ते ए च्याच कुळातलं औषध आहे आणि गरोदरपणात अजिबात चालत नाही.

पुढे चौथ्या महिन्यापासून लोहाच्या लाल गोळ्या सुरू होतील, 180 दिवस. त्यावर चहा देऊ नका, तास-दोन तास जाऊ द्या. लिंबाचं सरबत चालेल, त्याने लोह जास्त लागू पडतं. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौचाला काळं होईल, त्याने घाबरू नये.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही मोठ्या सुनेचा तीन वर्षांचा मुलगा घरभर धावतो असं कौतुकाने लिहिलंय, म्हणून सांगते. ही लाल, गुळगुळीत गोळी लहान मुलाला चॉकलेटची गोळी वाटते. मूठभर खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. गोळ्या देवघराच्या कोनाड्यात ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण खुर्ची ओढली की तिथवर त्याचा हात पोचतो. कपाटात वरच्या फळीवर ठेवा आणि कडी लावा.